अर्ध्या गुणाचा हंगाम

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर ब्रिटिश सुपरबाइक चॅम्पियनशिप या मोटरसायकल शर्यतींच्या स्पर्धेचा हंगाम संपला. टॉमी ब्राइडवेल पहिला, ग्लेन अर्विन दुसरा. फरक अर्ध्या गुणाचा. दोघे एकाच टीमचे, दोघांच्या बुडाखाली तीच डुकाटी पानिगाले. टीमचे मालक पॉल बर्ड त्याच सप्टेंबरमध्ये वारले होते, त्यामुळे जिंकलेल्याला नीट हसता येईना आणि हरलेल्याला रडता येईना अशी त्या गॅरेजची अवस्था.

ही बातमी मी घरी सांगितली तेव्हा भाच्याने विचारलं, "मामा, अर्धा गुण येतो कुठून? कोणी अर्धा पहिला आला होता का?" प्रश्न चेष्टेचा होता. पण उत्तर द्यायला बसलो तेव्हा कळलं की ते एका वाक्यात संपणारं नाही. त्यासाठी आख्खा हंगाम उलगडून दाखवावा लागतो. तर तो उलगडतो.

आधी गाडी. मोटोजीपी आपल्याकडे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, २०२३ मध्ये ती नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर येऊनही गेली. मोटोजीपीची मोटरसायकल फक्त शर्यतीसाठीच जन्माला येते, ती कुठल्याही शोरूममध्ये मिळत नाही. सुपरबाइकचं तसं नाही. मुळात ती दुकानात विकली जाणारी, नंबर प्लेट लावून रस्त्यावर चालवता येणारी गाडी असायला हवी, ही पहिली अट. मग तिचे दिवे, आरसे, इंडिकेटर काढायचे, सस्पेन्शन बदलायचं, नियमात बसेल तेवढं इंजिन पोसायचं. मोटोजीपी म्हणजे शिंप्याकडे माप देऊन शिवलेला सूट, तर सुपरबाइक म्हणजे रेडिमेड घेऊन अंगाला बेतून घेतलेला. यामाहा आर१, होंडा फायरब्लेड, बीएमडब्ल्यू एम१०००आरआर, कावासाकी झेडएक्स-१०आरआर, डुकाटी पानिगाले व्ही४ आर ही इथली नेहमीची मंडळी. इंजिन हजार सीसीच्या आसपास, ताकद दोनशे अश्वशक्तीच्या पुढे. आपल्या गल्लीतल्या स्प्लेंडरची ताकद आठेक अश्वशक्ती असते, म्हणजे पंचवीस स्प्लेंडर एका मागच्या चाकावर लादल्यासारखं.

आता या स्पर्धेतली सगळ्यात वेगळी गोष्ट. आजच्या महागड्या मोटरसायकलींत ट्रॅक्शन कंट्रोल नावाची सोय असते. मागचं चाक जमिनीवर पकड सोडून घसरत फिरायला लागलं की कॉम्प्युटर ते ओळखतो आणि इंजिनाची ताकद क्षणभर कापतो. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल-मातीचा चिखल झालेला असताना, सिग्नल सुटल्यावर जरा जास्त पिळलं की मागचं चाक कसं बाजूला पळतं हे ज्याने अनुभवलंय त्याला या सोयीची किंमत सांगायला नको. जागतिक सुपरबाइक स्पर्धेत ही सोय वापरता येते. ब्रिटिश स्पर्धेने मात्र २०१२ पासून ती काढून टाकली. सगळ्या टीमना मोटेक कंपनीचा एकच ठरलेला कंट्रोल युनिट, त्यात ट्रॅक्शन कंट्रोल नाही, पुढचं चाक उचलू न देणारी यंत्रणा नाही, स्टार्टला मदत करणारी नाही. म्हणजे रस्त्यावरची जी गाडी शोरूममधून या सोयींसकट बाहेर पडते, तीच शर्यतीच्या ट्रॅकवर त्यांच्याशिवाय उतरते. दोनशे घोडे आणि एक उजवं मनगट.

मनगट चुकलं की काय होतं? मागचं चाक घसरून गाडी आडवी झाली आणि रायडर तिच्यामागून घसरत गेला, तर तो त्यातल्या त्यात सुखाचा अपघात. वाईट प्रकार दुसरा. चाक घसरतं, रायडर घाबरून थ्रॉटल सोडतो, चाकाला एकदम पकड मिळते आणि वाकडी झालेली गाडी झटक्यात सरळ होते. त्या झटक्याने वरचा माणूस गोफणीतल्या दगडासारखा हवेत जातो. याला हायसाइड म्हणतात. हंगामात कोणाचं कॉलरबोन मोडलं, कोणाचं मनगट, अशा बातम्या येतात त्यातल्या बऱ्याच इथून निघालेल्या असतात.

कॉम्प्युटर काढण्यामागे दोन कारणं होती. एक पैसा, कारण त्या यंत्रणेवर डोकं लढवायला इंजिनिअरांची फौज पाळावी लागते आणि लहान टीमना ते झेपत नाही. दुसरं, शर्यत माणसांची दिसावी. टायरही सगळ्यांना एकाच कंपनीचे, २००८ पासून पिरेली. खर्चाची धाव अशी दोन्ही बाजूंनी बांधली की मग श्रीमंत टीम आणि गरीब टीम यांच्यात अंतर राहतं, पण हाताबाहेर जात नाही. अर्ध्या गुणाचे निकाल अशाच मातीत उगवतात.

आता शनिवार-रविवारचा कार्यक्रम. शुक्रवारी सराव. शनिवारी पात्रता फेरी, तिच्यात ज्याची एक लॅप सगळ्यात वेगवान तो पहिल्या शर्यतीत सर्वांत पुढे उभा राहतो. पहिली शर्यत सहसा शनिवारी, उरलेल्या दोन रविवारी. प्रत्येक शर्यत साधारण अर्ध्या तासाची किंवा त्याहून छोटी. दुसऱ्या शर्यतीत कोण कुठे उभं राहणार हे मात्र पहिल्या शर्यतीतल्या वेगवान लॅपवरून ठरतं, आणि तिसऱ्या शर्यतीचं दुसऱ्या शर्यतीवरून. म्हणजे तुम्ही शनिवारी दहावे आलात, पण मोकळी जागा मिळाल्यावर एक लॅप झकास मारलीत, तर रविवारी पहिल्या रांगेत. त्यामुळे मागे पडलेला रायडरही आशा सोडून फिरत बसत नाही.

अशा अकरा फेऱ्या, २०२३ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर. जिंकणाऱ्याला मुख्य हंगामात १८ गुण, दुसऱ्याला १६, तिसऱ्याला १४, चौथ्याला १२, पाचव्याला ११, आणि तिथून एकेक कमी होत पंधराव्याला १. सोळावा आला तो रिकाम्या हाताने घरी. या तक्त्यात एक मेख आहे. ती ज्याला कळली त्याला हंगाम कळला असं मी मानतो, म्हणून इथे जरा थांबू.

समजा सावंत आणि पाटील असे दोन रायडर आहेत. सावंत सुसाट, पाटील सावध. नऊ शर्यती झाल्या. सावंतने आठ जिंकल्या आणि एकीत पडला. पाटील नऊही वेळा दुसरा आला, एकदाही जिंकला नाही. सावंतचे गुण आठ गुणिले अठरा, म्हणजे १४४. पाटीलचे नऊ गुणिले सोळा, म्हणजे १४४. आठ कप घरी नेलेला माणूस आणि एकही कप नसलेला माणूस एकाच पायरीवर उभे. मोटोजीपीत पहिल्याला २५ आणि दुसऱ्याला २० मिळतात. तिथे हीच बरोबरी पाच शर्यतींतच होते, म्हणजे एका पडण्याची भरपाई चार विजयांत होते. ब्रिटिश तक्त्यात त्यासाठी आठ विजय लागतात.

थोडक्यात, विजेता आणि उपविजेता यांच्यात अंतर मुद्दाम कमी ठेवलंय आणि पडण्याचा दंड त्यामानाने जबर. म्हणून या स्पर्धेत अनुभवी रायडर कधी कधी शेवटच्या दोन लॅपमध्ये दुसऱ्या नंबरावर गप्प बसलेला दिसतो आणि नवखा प्रेक्षक ओरडतो, "अरे मार ना!" तो मारणार नाही. त्याच्या डोक्यात दोन गुणांसाठी सोळा पणाला लावायचे का, हा हिशेब चालू असतो. परीक्षेत शंभर मार्कांचा सोडवून निगेटिव्ह मार्किंग ओढवून घेणाऱ्यापेक्षा ऐंशीचा पक्का सोडवणारा पुढे जातो, तसं.

पण हंगाम असाच शेवटपर्यंत चालला तर एक धोका असतो, कोणीतरी फार पुढे निघून जातो. २००९ मध्ये तेच झालं. लिऑन कॅमियर नावाच्या रायडरने २६ पैकी १९ शर्यती जिंकल्या. शेवटची फेरी येण्याआधीच विजेता ठरलेला. तिकीट काढून कोण येणार? २०१० पासून आयोजकांनी शोडाउन नावाची पद्धत आणली. मुख्य हंगाम संपला की पहिले सहा जण बाजूला काढायचे, त्या सगळ्यांचे गुण एकाच आकड्यावर, ५०० वर, आणून ठेवायचे आणि मुख्य हंगामात पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, चढल्याबद्दल साठवलेले थोडेसे जादा गुण प्रत्येकाच्या खात्यात टाकायचे. मग शेवटच्या तीन फेऱ्यांत जो पुढे तो राजा.

आयपीएल पाहणाऱ्याला हे नवीन नाही. साखळीत अव्वल आलेला संघ प्लेऑफमध्ये एका वाईट संध्याकाळी घरी जातोच की. तरी तिकडच्या जुन्या चाहत्यांनी तेव्हा बराच आरडाओरडा केला, आणि त्यांचं अगदी चूक होतं असं मला वाटत नाही. पाच महिने घाम गाळून मिळवलेली आघाडी एका रात्रीत पुसून टाकायची, हे कोणालाही टोचेल. पण पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, या पद्धतीने असा शेवट दिला की टीकाकारांचा आवाज बसला. ब्रँड्स हॅचची शेवटची शर्यत, शेवटची लॅप. यामाहावर टॉमी हिल, सुझुकीवर अमेरिकेचा जॉन हॉपकिन्स, दोघांनाही चॅम्पियन व्हायची संधी. वळणावळणाला जागा बदलत दोघे रेषेपर्यंत आले आणि हिल ०.००६ सेकंदाने पुढे राहिला. विजेतेपद दोन गुणांनी. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने ०.००६ सेकंदात मोटरसायकल साधारण एक फूट जाते. शाळेतल्या लाकडी फूटपट्टीएवढ्या अंतरावर एक हंगाम इकडचा तिकडे झाला.

२०२३ पासून ही पद्धत बदलली. आता कोणाचे गुण पुसत नाहीत. त्याऐवजी शेवटाकडे गुणांचा भाव वाढतो. मुख्य हंगामात विजयाला १८, शोडाउनच्या पहिल्या दोन फेऱ्यांत २५, आणि ब्रँड्स हॅचच्या अखेरच्या फेरीत ३५. एप्रिलमध्ये तिन्ही शर्यती जिंकल्या तर ५४ गुण, ऑक्टोबरमध्ये जिंकल्या तर १०५. गणेशोत्सवात झेंडूचा भाव चढतो तसा हा भाव चढतो, फूल तेच. पूर्वीच्या पद्धतीपेक्षा मला ही जास्त प्रामाणिक वाटते. एप्रिलमधले गुण एप्रिलचेच राहतात, फक्त ऑक्टोबरमध्ये जखमी होणं परवडत नाही.

आणि आता भाच्याचा अर्धा गुण. ट्रॅकवर मोठा अपघात झाला, तेल सांडलं किंवा पाऊस फारच कोसळू लागला की लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवतात. बऱ्याचदा ती साफसफाई झाल्यावर पुन्हा सुरू करतात. पण पुरेसं अंतर कापून झालेलं नसेल आणि पुन्हा सुरू करणंही शक्य नसेल, तर झालेल्या शर्यतीचे निम्मे गुण वाटतात. १८ चे निम्मे ९, १६ चे ८. पण पाचव्या क्रमांकाच्या ११ चे निम्मे साडेपाच. बस, एवढंच. विषम आकड्याचं निम्मं केलं की तक्त्यात अर्धा शिरतो आणि हंगामभर कोणाच्या तरी खात्यात चिकटून राहतो. महिनोन्‌महिने त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वाण्याच्या वहीतली आठ आण्यांची बाकी जशी कोणी मागत नाही, तशी. मग एके दिवशी तीच बाकी चॅम्पियन ठरवते.

लाल झेंड्याचा विषय निघाला आहे तर दुसरी बाजूही सांगायला हवी. ५ मे २०२५ ला ओल्टन पार्कवर, याच स्पर्धेच्या कार्यक्रमातल्या सुपरस्पोर्ट नावाच्या लहान गटाच्या शर्यतीत, पहिल्याच लॅपला पहिल्या वळणाच्या बाहेर अकरा गाड्या एकमेकींत अडकल्या. दोन रायडरांचा जीव गेला. बाकीचा सगळा कार्यक्रम तिथेच रद्द झाला. सहा वेळा चॅम्पियन झालेला शेन बर्न, ज्याच्या आसपास संख्येने आजवर कोणी पोचलेलं नाही, त्याची कारकीर्द २०१८ मध्ये स्नेटरटनच्या एका साध्या सरावात संपली, मान आणि पाठीचा कणा मोडून. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा गेला. पहिली लॅप सगळ्यात धोक्याची का, याचं कारण साधं आहे. वीस-पंचवीस गाड्या एकदम, टायर अजून पूर्ण तापलेले नाहीत, आणि वळण एकच. पुढचा पडला तर मागच्याला वळवायला जागाच नसते. या स्पर्धेत म्हणूनच सेफ्टी कारही वापरतात, म्हणजे ट्रॅकवर काम चालू असताना सगळ्या मोटरसायकली एका चारचाकीमागे रांगेत, वरातीसारख्या. मोटोजीपी बघायची सवय असलेल्याला ते चमत्कारिक दिसतं.

ट्रॅकबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण राष्ट्रीय हंगामाची खरी चव तिथे आहे. जागतिक स्पर्धा जिथे होतात ते ट्रॅक आता बरेचसे सारखे झालेत. रुंद, गुळगुळीत, बाहेर मैलभर डांबर. ब्रिटिश ट्रॅक तसे नाहीत. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, थ्रक्स्टन हे तिन्ही दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ. युद्ध संपलं, विमानं गेली, धावपट्ट्या आणि भोवतीचे रस्ते उरले, त्यावर पोरांनी गाड्या पळवायला सुरुवात केली. अगदी हेच आपल्याकडे मद्रासजवळ शोळावरमला झालं. तिथल्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर १९५० च्या दशकात शर्यती सुरू झाल्या, आणि इरुंगट्टुकोट्टईचा आजचा ट्रॅक १९९० मध्ये आला तोवर भारतातल्या मोटरशर्यतींचं ते माहेर होतं.

थ्रक्स्टन हॅम्पशायर परगण्यात. अजिंक्य रहाणे २०१९ मध्ये ज्या काउंटीकडून खेळला तीच. हा इथला सगळ्यात वेगवान ट्रॅक आणि डांबर असं खरखरीत की टायर किसणीवर घासल्यासारखा झिजतो. सततच्या लांब, वेगवान वळणांत टायरची एकच बाजू तापत राहते. मग तिथे शर्यतीचं स्वरूपच पालटतं. पहिल्या अर्ध्यात कोणालाच पुढे राहायचं नसतं. पुढच्याला वारा कापावा लागतो, मागच्याचा टायर वाचतो. दहा-बारा जणांचा घोळका "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत फिरतो आणि शेवटच्या काही लॅपमध्ये सगळ्यांना एकदम घाई होते. नवखा बघणारा म्हणेल, आज हे सगळे सुस्तावलेत का? सुस्तावलेले नसतात, वाचवत असतात.

लिंकनशायरमधलं कॅडवेल पार्क याच्या अगदी उलट. अरुंद, झाडीतून जाणारी वाट, आणि मध्ये माउंटन नावाचा एक चढ. चढ कसला, भिंतच. गाडी तिच्यावर चढते आणि माथ्यावर दोन्ही चाकं जमीन सोडतात. शर्यतीची मोटरसायकल हवेत, खाली गवतावर बसलेले लोक सँडविच खातायत. तिथे वेळ वाचवायची तर कमीत कमी उडायचं असतं, कारण हवेतलं चाक काही ढकलत नाही. पण फोटो मात्र उडणाऱ्याचेच छापून येतात. स्कॉटलंडमधला नॉकहिल इतका छोटा, दोन किलोमीटरच्या आसपास, की एक लॅप पन्नास सेकंदांच्या आत. मागे पडलेल्याला पुढचे लगेच पुन्हा येऊन गाठतात, सतत गर्दी. आणि ब्रँड्स हॅच, जिथे पहिलंच वळण, पॅडॉक हिल, असं कोसळतं की रायडरला क्षणभर पुढचा रस्ताच दिसत नाही. ट्रॅकची मोठी लॅप ३.९ किलोमीटरची, निम्मी दाट झाडीत.

म्हणून या हंगामाचा चॅम्पियन म्हणजे फक्त वेगवान माणूस नव्हे. थ्रक्स्टनवर कंजूष, कॅडवेलवर धीट, नॉकहिलवर कोपर मारून जागा काढणारा, आणि ब्रँड्सवर थंड डोक्याचा, असे चार स्वभाव एकाच अंगात लागतात.

यातले बरेच ट्रॅक एकाच घरचे आहेत हेही लक्षात ठेवण्यासारखं. जोनाथन पामर हे एकेकाळचे फॉर्म्युला वन ड्रायव्हर, आणि शिक्षणाने डॉक्टर. त्यांच्या कंपनीकडे ब्रँड्स हॅच, ओल्टन पार्क, स्नेटरटन, कॅडवेल, पुढे डोनिंग्टनही आलं. २००८ पासून स्पर्धाही त्यांचीच कंपनी चालवते. जमीन ज्याची, जत्रा त्याची. टीकाकारांना ही मक्तेदारी वाटते. पण फायदा असा झाला की तारखा ठरतात, ट्रॅक बंद पडत नाहीत, आणि प्रेक्षक त्याच तिकिटात पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमचा तळ असतो त्या आवारात, हिंडू शकतो, रायडरच्या गाडीपर्यंत जाऊन सही घेऊ शकतो. मोटोजीपीत त्यासाठी वेगळा पास आणि वेगळा खिसा लागतो.

"राष्ट्रीय" या शब्दाने मात्र फसायचं नाही. हंगाम ब्रिटनचा, रायडर कुठलेही. जपानचा र्‍युइची कियोनारी तीनदा चॅम्पियन झाला, ऑस्ट्रेलियाचा जोश ब्रूक्स २०१५ आणि २०२० मध्ये. रहाणे हॅम्पशायरकडून खेळला म्हणून कोणी त्याला इंग्लंडचा खेळाडू म्हणत नाही, तसंच हे. काहींसाठी ही चढणीची पायरी. उत्तर आयर्लंडचा जोनाथन रे इथे २००७ मध्ये दुसरा आला आणि पुढे २०१५ ते २०२० सलग सहा वेळा जागतिक सुपरबाइक चॅम्पियन झाला. काहींसाठी उतरणीचं बस स्टँड, जिथून परतीची गाडी मिळते. मोटोजीपीतून जागा गेल्यावर स्कॉट रेडिंग २०१९ मध्ये इथे आला, पहिल्याच वर्षी जिंकला आणि पुढच्या वर्षी जागतिक सुपरबाइकच्या डुकाटी टीममध्ये जाऊन बसला.

मुख्य शर्यतीच्या जोडीने त्याच दोन दिवसांत लहान गटांच्याही शर्यती होतात. तिथे पोरंठोरं शिकतात. काही वर्षं तिथे एक ज्युनिअर कप केटीएम आरसी ३९० वर चालायचा, आणि ही गाडी पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते. चाकणची पैदास इंग्लंडच्या ट्रॅकवर तिकडच्या पोरांना वळणं शिकवत होती, हे मला फार गमतीचं वाटतं. आपली राष्ट्रीय स्पर्धा आजही बऱ्याच अंशी १६५ सीसीच्या गटांवर उभी आहे आणि तिच्या बहुतेक फेऱ्या चेन्नईच्याच ट्रॅकवर होतात, क्वचित कोइमतूरला. १६५ सीसी म्हणजे लहान हे खरं. पण लहान इंजिनावर ताकद वाया घालवून चालत नाही, म्हणून वळणातला वेग टिकवायला तिथे जास्त चांगलं शिकायला मिळतं, असं माझं मत. अडचण सीसीची नाही, ट्रॅकची आहे. एकाच ट्रॅकवर वर्ष काढलं तर रायडर तो ट्रॅक पाठ करतो, शर्यत नाही. महाराष्ट्रात तर बरीच वर्षं डांबरी शर्यतीचा मोठा ट्रॅक नव्हताच. आपली हौस मातीवर. जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला झाली, स्टेडियममध्ये माती ओतून.

भाच्याला हे सगळं दोन संध्याकाळी सांगून झालं. त्याने ऐकून घेतलं, मग विचारलं की त्या ब्राइडवेलचं पुढच्या वर्षी काय झालं. २०२४ मध्ये तो डुकाटी सोडून होंडावर गेला होता. पुन्हा ब्रँड्स हॅच, पुन्हा शेवटच्या शर्यतीपर्यंत ताणलेलं प्रकरण, आणि यामाहावरचा काइल राइड एका गुणाने चॅम्पियन झाला. ब्राइडवेल दुसरा.

भाच्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दोन वर्षांत मिळून तो अर्ध्या गुणाने तोट्यातच की!"